कयाक आणि कनूसाठी पाण्यापर्यंतची वाट : पाहणीपासून देखभालीपर्यंत

नदी, तलाव किंवा खाडी सर्वांची असली, तरी तिच्यापर्यंत नेणारी वाट सर्वांची असतेच असे नाही. पुलावरून पाणी स्वच्छ दिसते, पण पुलाखाली उतरायला जागा नसते. जागा असली तर गाडी उभी करता येत नाही, आणि गाडी उभी राहिली तर काठ इतका उभा आणि निसरडा असतो की पंचवीस किलोंची नाव खांद्यावर घेतलेला माणूस पाण्यात शिरण्याआधीच पाण्यात पडतो. कयाक आणि कनू या वल्ह्याने चालवायच्या लहान, अरुंद नावा चालवणाऱ्यांच्या अडचणींपैकी बहुतेक अडचणी पाण्यावरच्या नसून काठावरच्या असतात, आणि त्या सोडवण्याचे काम स्थानिक गट, ग्रामसंस्था, नगरपालिका किंवा एखादा चिकाटीचा क्लबही हाती घेऊ शकतो. हे काम कोणत्या क्रमाने करावे, पैसा कुठे घालावा आणि कुठे घालू नये, हे या लेखात सविस्तर मांडले आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करावी. पाण्यापर्यंतचा प्रवेश म्हणजे काँक्रीटचा उतार किंवा तरंगता धक्का नव्हे. सार्वजनिक रस्ता, गाडी उभी करण्याची जागा, तिथून पाण्यापर्यंतची पायवाट, काठ, काठालगतचे पाणी, पुढे खाली नाव बाहेर काढण्याचे ठिकाण आणि तिथून परतण्याची सोय, अशी ती साखळी आहे. यातली एक कडी तुटली तर बाकीच्या सहा कड्यांवरचा खर्च वाया जातो. सुबक धक्का बांधलेला आहे, पण जवळचे पार्किंग चारशे मीटरवर आहे आणि मधल्या फाटकातून कनू जात नाही, अशी जागा मी पाहिली आहे. तिथे धक्क्यावर मासे पकडणारे बसतात आणि नाववाले पलीकडच्या तीरावरच्या चिखलातून उतरतात. म्हणून आधी तुटलेली कडी शोधायची आणि काय बांधायचे ते त्यानंतर ठरवायचे.

पाहणी : आधी नदी वाचावी

पाहणीसाठी साधारण तीस ते चाळीस किलोमीटरचा एक टप्पा निवडावा आणि तो किमान तीन वेळा पाहावा : पाणी सर्वात कमी असताना, मध्यम असताना आणि पूर ओसरल्यावर लगेच. एकाच भेटीत घेतलेला निर्णय बहुधा चुकतो. उन्हाळ्यात छान वाळूचा किनारा वाटणारी जागा पावसाळ्यात दोन मीटर पाण्याखाली असते, आणि पुरात सोयीचा वाटलेला काठ पाणी उतरल्यावर गुडघाभर गाळाचा निघतो. झाडांच्या फांद्यांत अडकलेल्या गवताच्या आणि प्लास्टिकच्या चिंध्या पुराचे पाणी कुठवर आले होते ते सांगतात. त्या उंचीचे छायाचित्र घेऊन ठेवावे, कारण पुढे अभियंत्याशी बोलताना शंभर वाक्यांपेक्षा ते उपयोगी पडते. जलविभागाचे पाणीपातळी मोजण्याचे केंद्र जवळ असेल, तर प्रत्येक भेटीच्या दिवशीची पातळी टिपून घ्यावी, म्हणजे तुमच्या निरीक्षणांना मोजमापाचा आधार राहतो.

दोन ठिकाणांमधले अंतर माणसाच्या वेगावरून ठरते. साधा, हौशी वल्हेकरी शांत पाण्यात ताशी चार ते पाच किलोमीटर जातो, आणि थांबे, जेवण, फोटो धरले तर त्याच्या दिवसात दहा ते पंधरा किलोमीटर सुखाने बसतात. मुलांसह आलेल्या कुटुंबाला पाच-सहा किलोमीटर पुष्कळ होतात. त्यामुळे दोन उतरणींमध्ये, म्हणजे नाव पाण्यात उतरवण्याच्या जागांमध्ये, वीस किलोमीटरचे अंतर असेल, तर तो टप्पा फक्त अनुभवी लोकांचाच राहतो, मग दोन्ही टोकांच्या सोयी कितीही चांगल्या असोत. अशा टप्प्याच्या मध्यावर एक साधी, कच्ची जागा उघडल्याने जे साधते, ते टोकांवरच्या जागा सजवून साधत नाही.

प्रत्येक संभाव्य जागेसाठी एक पान ठेवावे. रस्त्यापासून पाण्यापर्यंतचे अंतर पावलांनी नव्हे, टेपने मोजावे. काठाचा उतार, काठाची माती, काठापासून एक मीटरवरची खोली, प्रवाहाची दिशा आणि जोर, पुढच्या अर्ध्या किलोमीटरमधले धोके, जवळपास कोण काय करते (गुरे पाणी पितात, कपडे धुतले जातात, मासेमारी चालते, पंपाचा पाइप आहे) आणि जमीन कोणाची आहे, या नोंदी त्यात असाव्यात. शेवटची नोंद बहुतेक जण मोकळी सोडतात, आणि पुढे तीच सगळ्यात जास्त वेळ खाते. मासेमारी करणारे, शेतकरी आणि होडी चालवणारे यांच्याशी गप्पा माराव्यात, कारण नदी कुठे पात्र बदलते आणि कोणत्या काठाला दरवर्षी कपार पडते हे त्यांना नकाशापेक्षा जास्त ठाऊक असते.

हक्क : पाणी, तळ आणि काठ हे तीन वेगळे प्रश्न

पाण्याच्या पृष्ठभागावरून जाण्याचा हक्क, पात्राच्या तळाला पाय लावण्याचा हक्क आणि काठावरून चालण्याचा हक्क या तीन गोष्टी कायद्यात पुष्कळदा वेगवेगळ्या असतात, आणि वाद बहुधा त्यांची सरमिसळ झाल्यामुळे होतात. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८७० साली ‘डॅनियल बॉल’ या जहाजाच्या खटल्यात जी नदी प्रत्यक्षात वाहतुकीला उपयोगी ती कायद्यानेही नौकानयनयोग्य, अशी कसोटी घातली. तरीही तिथे प्रत्येक राज्याचा नियम वेगळा आहे. माँटाना राज्याच्या १९८५ च्या कायद्याने नेहमीच्या उच्च जलरेषेपर्यंत (पाणी एरवी जिथवर चढते तिथपर्यंत) सर्वांना वावर दिला, पण पाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी खासगी जमीन ओलांडण्याची मुभा दिली नाही. त्यामुळे सगळा भार पुलांवर आला आणि शेवटी २००९ मध्ये पुलांच्या हद्दीतून नदीत उतरण्याबाबत वेगळा कायदा करावा लागला. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या भूमीसुधारणा कायद्याने जमिनीबरोबर अंतर्गत पाण्यावरही जबाबदारीने वावरण्याचा हक्क मिळाला, तर इंग्लंड आणि वेल्समध्ये २००० सालच्या कायद्याने मोकळ्या माळरानावर चालण्याचा हक्क दिला, पण भरती-ओहोटी नसलेल्या पाण्यावर नाव चालवणे त्यातून वगळले. भारतात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात, बियास नदीच्या काठावरच्या बांधकामाच्या निमित्ताने, नद्यांसारख्या संपत्तीचे राज्य हे लोकांच्या वतीने विश्वस्त असते, हे तत्त्व मान्य केले. तत्त्व मोलाचे आहे, पण त्यातून एखाद्याच्या शेतातून जाण्याची वाट आपोआप निघत नाही.

म्हणून आपल्या जागेपुरते तीन कागद पाहावेत : जमिनीच्या मालकीचा उतारा, रस्त्याच्या किंवा पुलाच्या हद्दीचा नकाशा, आणि नदीपात्र कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे याची नोंद. पुलाच्या दोन्ही बाजूंना रस्त्याची हद्द प्रत्यक्ष डांबरापेक्षा बरीच रुंद असते, आणि कित्येकदा ती थेट पाण्यापर्यंत पोहोचते. जमीन विकत न घेता मिळणारी सर्वात स्वस्त जागा इथेच सापडते. मात्र पुलाखालची जागा सोयीची असली, तरी खांबांभोवती प्रवाह वळतो, ओंडके अडकतात आणि पाण्याने तळ खरवडला जातो. त्यामुळे उतरण्याची नेमकी जागा खांबांपासून सुरक्षित अंतरावर, शक्यतो खालच्या अंगाला, म्हणजे प्रवाह जातो त्या बाजूला, घ्यावी.

खासगी जमीन वापरावी लागणार असेल, तर तोंडी होकारावर समाधान मानू नये. जमीन विकली गेली, मालक वारला किंवा एखाद्या रविवारी कोणी फाटक उघडे टाकले, की तोंडी परवानगी संपते. वहिवाटीचा नोंदणीकृत हक्क सर्वात टिकाऊ असतो. तो शक्य नसेल तर दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा, आणि तोही नसेल तर अटी स्पष्ट लिहिलेला परवाना घ्यावा. मालकाशी बोलायला जाताना आधी त्याच्या काळज्या ऐकाव्यात. कचरा, उघडी फाटके, कुत्री, पिकाची तुडवण आणि कोणी पडून जखमी झाल्यास जबाबदारी कोणाची, या त्याच्या काळज्या असतात, आणि त्या खऱ्या असतात. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत विनामूल्य मनोरंजनासाठी जमीन खुली ठेवणाऱ्या मालकाची जबाबदारी मर्यादित करणारे कायदे आहेत. आपल्या प्रदेशात असा कायदा आहे का, हे वकिलाकडून तपासून त्याची प्रत सोबत न्यावी. तसा कायदा नसेल, तर क्लबच्या किंवा स्थानिक संस्थेच्या विम्यात मालकाचे नाव जोडता येते का, हे पाहावे.

सोबती आणि वेळ

नाववाले संख्येने थोडे असतात, म्हणून त्यांनी एकट्याने मागणी करणे कमी उपयोगाचे. तीच उतरणी मासेमारी करणाऱ्यांना, पूर बचाव पथकाला, पाण्याचे नमुने घेणाऱ्यांना आणि चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांना कशी उपयोगी पडेल, हे प्रस्तावात पहिल्या पानावर असावे. बचाव पथकाचे पत्र विशेष वजनदार ठरते, कारण नदीच्या ज्या टप्प्यावर सामान्य माणसाला उतरता येत नाही, तिथे बचावाची नावही उतरवता येत नाही. मासेमारी करणाऱ्यांशी मात्र भांडणाची शक्यता आहे, हे आधीच कबूल करावे. गळ टाकण्याची जागा आणि नाव उतरवण्याची जागा पंधरा-वीस मीटर वेगळी ठेवली, तर निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

वेळेचे महत्त्व लोक फार कमी ओळखतात. पुलाची दुरुस्ती किंवा नवा पूल आराखड्यात असतानाच पायवाट आणि उतार त्यात घालायला सांगितले, तर वाढीव खर्च नगण्य असतो. तेच काम पूल पूर्ण झाल्यावर वेगळे करायचे म्हटले, तर यंत्रे, परवानग्या आणि निविदा पुन्हा शून्यापासून येतात. धरणांचेही तसेच आहे. अमेरिकेत खासगी जलविद्युत धरणांना संघीय ऊर्जा नियामक आयोगाचा परवाना साधारण तीस ते पन्नास वर्षांसाठी मिळतो, आणि त्याच्या नूतनीकरणाच्या वेळी धरण ओलांडण्याची वाट, उतरण्याच्या जागा आणि ठरावीक दिवशी पाणी सोडणे या अटी परवान्यात घालून घेता येतात. ती संधी हुकली तर पुढची संधी बहुधा पुढच्या पिढीला मिळते. पूररेषेची भिंत, सांडपाण्याची वाहिनी, नदीकाठचा सायकलमार्ग, अशा प्रत्येक सार्वजनिक कामाच्या जाहीर सुनावणीची तारीख कोणीतरी एकाने डोळ्यात तेल घालून पाहत राहिले पाहिजे.

जागेची निवड

नदीच्या वळणावर बाहेरच्या बाजूला पाणी खोल आणि वेगवान असते, तिथे काठ खचतो. आतल्या बाजूला पाणी मंद असते, तिथे गाळ आणि वाळू साचते. बाहेरच्या बाजूला बांधलेली उतरणी काही वर्षांत पाण्यात जाते, आणि अगदी आतल्या बाजूला बांधलेली काही महिन्यांत गाळाखाली. चांगली जागा सहसा सरळ पट्ट्यात, किंवा एखाद्या खडकाच्या अथवा भूशिराच्या खालच्या अंगाला असते. तिथे मुख्य धारेच्या बाजूला उलट फिरणारे शांत पाणी तयार होते आणि नवख्या माणसालाही घाई न करता नावेत बसता येते. मात्र असे पाणी तरंगता कचराही गोळा करते, हे लक्षात घ्यावे.

उतार मुख्य प्रवाहाला काटकोनात न ठेवता किंचित खालच्या अंगाला वळवावा, म्हणजे वाहत येणारे ओंडके त्यावर चढत नाहीत. खालच्या अंगाला कोसळलेली झाडे असतील, तर ती जागा सोडावी. पाणी फांद्यांतून चाळणीसारखे निघून जाते आणि नाव व माणूस मात्र तिथे दाबून धरले जातात, म्हणून हा धोका दिसतो त्यापेक्षा फार मोठा आहे. जलाशयावर पाणी वर्षभरात कित्येक मीटर खालीवर होते, तिथे एका उंचीवर बांधलेला धक्का वर्षातले फार थोडे दिवस उपयोगी असतो. खाडीत ओहोटीच्या वेळी काय उघडे पडते ते सर्वात खोल ओहोटीच्या दिवशी, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, स्वतः जाऊन पाहावे. भरतीच्या वेळी गेलेली माणसे ओहोटीला शंभर मीटर चिखल तुडवत परतल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत.

आराखडा : शरीर नावेत कसे शिरते

इथे थोडे थांबायला हवे, कारण सर्वात महागड्या चुका याच टप्प्यावर होतात आणि त्या बहुधा मोटारबोटींचे नमुने डोळ्यासमोर ठेवल्यामुळे होतात. मोटारबोट ट्रेलरवरून येते, तिला रुंद, उभा, काँक्रीटचा उतार लागतो. कयाक आणि कनू हातातून किंवा छोट्या गाडीवरून येतात. कयाकमध्ये बसणारा माणूस पाण्याच्या पातळीच्या अगदी जवळ बसतो. तो काठावर हात टेकतो, एक पाय आत टाकतो आणि शरीराचा भार खाली सोडतो. या क्षणी काठ आणि नाव यांच्या उंचीत फरक जितका जास्त, तितकी नाव उलटण्याची शक्यता जास्त. त्यामुळे धक्क्याची उंची पाण्यापासून पंधरा ते तीस सेंटीमीटर असणे सर्वात सोयीचे, आणि साठ सेंटीमीटरच्या वर ती गेली की बहुतेकांसाठी धक्का निरुपयोगी. मोटारबोटींसाठीचे नेहमीचे धक्के याहून बरेच उंच असतात, म्हणून ‘धक्का आहेच की’ हे उत्तर ऐकून गप्प बसू नये.

लांबीचा विचारही नावेवरून करावा. कयाक तीन ते साडेपाच मीटर लांब असते, कनू साधारण पाच मीटर, आणि वजने वीस ते पस्तीस किलोंच्या आसपास. नाव काठाला समांतर लावून बसायचे असल्यास सात-आठ मीटरची मोकळी कड लागते. उताराची रुंदी दीड मीटरपासून पुढे चालते, पण गट येत असतील तर तीन-चार मीटर ठेवावी, कारण उतारावर एक जण जॅकेट बांधत उभा असतो आणि मागचे सहा जण ताटकळत असतात. सामान बांधण्यासाठी पाण्यापासून थोडी वर एक सपाट जागा दिली, तर ही कोंडी आपोआप सुटते. उताराचा चढ बारास एक, म्हणजे सुमारे ८.३३ टक्के, हा आदर्श. पंधरा टक्क्यांच्या वर ओल्या पृष्ठभागावर नाव घेऊन उतरणे धोक्याचे होते.

पायवाटेचे दोन बारीक मुद्दे आराखड्यात हमखास सुटतात. उभ्या काठावर नागमोडी वाट काढली जाते, आणि तिची वळणे इतकी आखूड असतात की पाच मीटरची नाव वळतच नाही. तिथे वळणावर रुंद चौथरा ठेवावा, किंवा वाट सरळ नेऊन बाजूला नाव घसरवत नेण्यासाठी लाकडी दांड्यांची पट्टी बसवावी. दुसरा मुद्दा फाटकाचा. मोटारसायकली अडवण्यासाठी बसवलेले लोखंडी खांब किंवा गोल फिरते फाटक कनूलाही अडवते. कनूची रुंदी नव्वद सेंटीमीटरपर्यंत जाते, तेव्हा खांबांमध्ये किमान सव्वा ते दीड मीटर मोकळी जागा हवी, किंवा खांब इतके बुटके हवेत की नाव त्यांच्या वरून नेता येईल.

बांधकामाचा प्रकार पाण्याच्या स्वभावावर ठरतो. पाणीपातळी फारशी बदलत नसेल आणि काठ घट्ट असेल, तर खडीने दाबलेला कच्चा उतार आणि काठावर स्थानिक झाडोरा एवढेच पुरते, आणि माझ्या मते बहुतेक जागांसाठी हाच पर्याय योग्य असतो. तो पुरात वाहून गेला तरी एका दिवसात पुन्हा करता येतो. काठ उंच असेल तर रुंद, ठेंगण्या पायऱ्या उपयोगी. पाणी दोन-तीन मीटर खाली जात असेल तर खालच्या पायऱ्या मोकळ्या सोडून वर्षभर उपयोगी पडतील अशा मांडाव्यात. तरंगता धक्का पातळीबरोबर खालीवर होतो, पण जोरदार पुराच्या नदीत तो दर हंगामाला काढून ठेवावा लागतो, आणि तो कोण काढणार हे लिहून ठेवलेले नसेल तर पहिल्याच पुरात तो खालच्या गावी सापडतो. काँक्रीट वापरलेच तर ते गुळगुळीत ठेवू नये. आडव्या खाचा पाडाव्यात, कारण ओल्या काँक्रीटवर शेवाळ धरते आणि माणसे घसरतात. काठाच्या धूपसंरक्षणासाठी टाकलेले मोठे दगड नाववाल्यांचे सर्वात मोठे शत्रू आहेत. दोन दगडांच्या फटीत पाय अडकतो आणि नावेचा तळ फाटतो. दगड टाकावेच लागत असतील, तर मध्ये दोन मीटरची पट्टी खडीने भरून सपाट ठेवायला सांगावी.

चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांसाठी बारास एक चढ, किमान नव्वद सेंटीमीटर रुंदीची कठीण वाट, आणि खुर्चीतून सरकण्यासाठी सुमारे ४३ ते ४८ सेंटीमीटर उंचीचा बाक लागतो. त्या बाकावरून खाली पायरी-पायरीने नावेच्या आसनापर्यंत उतरता यावे आणि दोन्ही बाजूंना पकडायला दांडे असावेत. त्यासाठी नाव स्थिर धरून ठेवणारा पाळणा आणि वर हात पोहोचतील असा आडवा दांडा मिळतो. ही सोय प्रत्येक ठिकाणी शक्य नसते. दहा जागांवर अर्धवट सोय करण्यापेक्षा एका टप्प्याच्या वरच्या आणि खालच्या, अशा दोन जागा पूर्ण सोयीच्या करणे बरे, कारण ज्याला नावेत बसता आले पण पुढे बाहेर पडता आले नाही, त्याला प्रवेश मिळाला असे म्हणता येत नाही.

बंधारे : जिथे वाट नाही, तिथे जीव जातो

ठेंगण्या बंधाऱ्यावरून पाणी सारखे, शांत पसरून पडते, म्हणून वरून येणाऱ्याला तो दिसतच नाही. खाली मात्र पडणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा वर येते आणि पृष्ठभागावरून उलट बंधाऱ्याकडेच वाहते. त्यात सापडलेली नाव आणि माणूस परत परत आत ओढले जातात, आणि वाचवायला गेलेलाही त्यातच अडकतो. अशा बंधाऱ्याला वळसा घालून नाव खांद्यावर नेण्याची वाट, हे प्रवेश सुधारण्याच्या सर्व कामांतले सर्वात तातडीचे काम मानावे.

या वाटेची सुरुवात बंधाऱ्याच्या बरीच वर असावी, म्हणजे पूर आलेला असतानाही नाव थांबवून काठ गाठायला पुरेसे अंतर राहील. धोक्याची पाटी त्याहूनही वर, नदीच्या दोन्ही तीरांवर, येणाऱ्या नावेकडे तोंड करून लावावी, आणि त्यावर ‘पुढे बंधारा, डावीकडून बाहेर पडा’ इतकेच मोठ्या अक्षरांत लिहावे. बारीक मजकूर वाहत्या पाण्यातून कोणी वाचत नाही. खाली पुन्हा पाण्यात शिरण्याची जागा उलट्या प्रवाहाच्या पलीकडे, पाणी निश्चितपणे खाली वाहू लागते तिथे ठेवावी. ही वाट शंभर-दोनशे मीटरच्या पुढे गेली, तर मध्ये नाव टेकवायला एक चौथरा द्यावा.

परवानग्या, पक्षी आणि परके शिंपले

काठावरचे लहानसे काम सुद्धा पूररेषा, पाणथळ जागा किंवा वन खात्याच्या परवानगीत अडकू शकते. अर्ज करताना आधीच माशांच्या विणीचा आणि पक्ष्यांच्या घरट्यांचा काळ सोडून बांधकामाचे महिने दिले, तर फाइल लवकर हलते. काही बेटे आणि वाळूचे पट्टे वर्षातले काही महिने बंद ठेवावे लागले तर ते मान्य करावे आणि पाटीवर तारखा लिहाव्यात.

नावेबरोबर परके जीव एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात, ही काळजी खरी आहे. काळा समुद्र आणि कॅस्पियन परिसरातला झेब्रा शिंपला १९८० च्या दशकात उत्तर अमेरिकेच्या महासरोवरांत पोहोचला आणि पाण्याचे पाइप बुजवू लागला. तो प्रामुख्याने जहाजांतून आला, पण पुढचा प्रसार लहान नावांनीही केला. उपाय साधा आहे : पाण्यातून बाहेर पडल्यावर नाव, वल्हे आणि जॅकेट तपासणे, धुणे आणि पूर्ण वाळवणे. त्यासाठी उतरणीजवळ पाण्याचा नळ आणि उतरत्या गवताची जागा द्यावी. तिथले सांडपाणी मात्र परत नदीत जाऊ देऊ नये.

एक हंगाम चाचणी, मग बांधकाम

पूर्ण आराखडा हातात असला तरी पहिल्या वर्षी काँक्रीट टाकू नये. गवत कापून वाट करावी, चार-सहा गाड्यांची जागा आखावी, नाव उतरवून गाडी पुढे नेण्यासाठी पाण्याजवळ थोडी थांबण्याची जागा ठेवावी, एक पाटी लावावी आणि एक हंगाम पाहावे. लोक कुठे गाडी लावतात, कोणत्या बाजूने खाली जातात आणि काठ कुठे झिजतो, हे त्यातून उघड होते. गवतावर पडलेली वाट ही वापरणाऱ्यांनी काढलेला आराखडा असते, आणि ती तुमच्या नकाशावरच्या वाटेशी जुळली नाही तर नकाशा बदलावा. या हंगामातल्या मोजणीच्या वह्या, म्हणजे किती नावा, कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, पुढे निधी मागताना कामी येतात.

खर्च टप्प्यांत मागावा. वाट आणि पार्किंग आधी, काठ नंतर, शौचालय आणि धुण्याची सोय त्यानंतर. शौचालयाला लोक शेवटी ठेवतात, पण गर्दी वाढली की सर्वात आधी तक्रार त्याचीच येते, आणि शेजारच्या शेतमालकाचा होकार मोडायला ते एक कारण पुरते.

पाटीवर काय असावे

पार्किंगजवळच्या पाटीवर टप्प्याचा नकाशा, पुढच्या उतरणीचे किलोमीटर आणि तिथवर लागणारा सर्वसाधारण वेळ, मधले धोके, पाण्याची अवघड श्रेणी (जगभर १ ते ६ अशी श्रेणी वापरली जाते, १ सर्वात सोपी), आपत्कालीन क्रमांक आणि जागेचे अक्षांश-रेखांश असावेत. अक्षांश-रेखांश लिहिण्याचे कारण असे की घाबरलेला माणूस ‘मी नदीच्या काठावर आहे’ एवढेच सांगू शकतो. पाण्याच्या कडेला दुसरी पाटी हवी, आणि तिचे तोंड नावेतून येणाऱ्याकडे हवे. जागेचे नाव रस्त्याच्या बाजूला ठळक आणि पाण्याच्या बाजूला काहीच नाही, अशा जागा वल्हेकरी सरळ ओलांडून पुढे जातात. पाणीपातळीची एक रंगीत पट्टी पुलाच्या खांबावर रंगवावी : हिरवी म्हणजे सर्वांसाठी, पिवळी म्हणजे अनुभवी माणसासाठी, लाल म्हणजे कोणासाठीच नाही. पट्टीचे रंग कोणत्या पातळीला ठरवायचे, हे स्थानिक अनुभवी लोकांनी आणि बचाव पथकाने मिळून ठरवावे, एकट्या रंगाऱ्याने नव्हे.

देखभाल

ज्या उतरणीची देखभाल कोणाच्या नावावर लिहिलेली नाही, ती तीन पुरांत संपते. बांधकामाचा करार करतानाच देखभालीचा लेखी करार करावा, आणि त्यात कामे ओळीने, महिन्यासह आणि जबाबदार व्यक्तीच्या पदासह लिहावीत : पावसाळ्याआधी तरंगता धक्का काढणे, पूर ओसरल्यावर एका आठवड्यात गाळ हटवणे, दोन महिन्यांतून एकदा शेवाळ खरवडणे, खाली वाहत आलेली झाडे तपासणे, पाट्या पुसणे. गाळ काढून नदीत परत लोटायचा नाही, तो कुठे न्यायचा हेही आधी ठरवावे. क्लबने एक किंवा दोन उतरणी दत्तक घेणे चांगले चालते, पण त्यात दर वर्षी जबाबदार माणूस बदलत असेल, तर किल्ल्या, वह्या आणि फोन क्रमांक एकाच ठिकाणी ठेवण्याची पद्धत हवी.

वर्षातून एकदा, पाणी सर्वात कमी असताना, पहिल्या पाहणीच्या वेळी वापरलेली तीच पाने घेऊन त्याच जागांवर परत जावे. टेपने तीच अंतरे मोजावीत आणि त्याच कोनातून छायाचित्रे घ्यावीत. काठ किती मागे सरकला, खडी किती वाहून गेली आणि खाली कोणते नवे झाड आडवे पडले, याच्या नोंदी पुढच्या वर्षीच्या खर्चाच्या अर्जाला जोडाव्यात.